टारफुला

फूल लहान आहे. करंगळीच्या नखावर मावेल.
वुआहिरानाने परवा त्याचा तुरा
झेबूच्या वासराच्या कानामागे खोवला,
आणि मी धावत सुटले, खुरपं हातातच.
वासरू बुजलं, पोर रडली.
काय सांगू तिला? सहा वर्षांची आहे.
म्हटलं, हे फूल भात पितं.

पितं, पण वरून नाही.
खाली, जिथे पातं पोचत नाही,
तिथे भाताचं कोवळं मूळ अंधारात काही पुटपुटतं
आणि धुळीहून बारीक एक बी,
माझ्या लग्नाआधीपासून निजलेलं,
कूस बदलतं.
आठवडे जातात. भात पिवळा पडतो.
मी पावसाला बोल लावते, शेण कमी पडलं म्हणते,
मांदुतुच्या बाजारातल्या बियाणेवाल्याला शिव्या घालते.
मग एके सकाळी ते वर येतं
पोट भरलेलं, हिरवं, नीटनेटकं,
जेवून आलेल्या पाहुण्यासारखं.

बाकीचं तण सरळ असतं.
लव्हाळा भांडतो, पण तोंडावर भांडतो.
कुसळं कमरेच्या वस्त्राला धरून घरापर्यंत येतात,
घरचीच होतात.
ह्याच्याशी भांडायचं तर कुठे उभं राहून?

खाली खाचरांत ज्यांचं भात पाण्यात उभं असतं
त्यांना तण अर्धंच ठाऊक.
त्यांच्या वतीने पाणी खुरपतं.
आम्हा टेकडीवाल्यांच्या वतीने
पाठ.

माझ्या वरच्या अंगाला रालाइवाउचं शेत.
त्याने पेरलं आणि दक्षिणेला गेला, नीलम खणायला.
शेतात आता भाताहून लाल जास्त.
पाऊस वरून खाली येतो,
हद्दीचा दगड कुणी रोवला, विचारत नाही.
म्हणून तीन दुपारी, गाव सावलीला असताना,
मी त्याच्या शेतात शिरले
आणि उपटलं.
फूल असतानाच. बोंड धरलं की संपलं.
गोणीत भरलं, तोंड आवळलं,
पायाचे तळवे झाडून मग घरी.

तिसऱ्या दुपारी तो कडेला उभा.
गाल बसलेले, बुटांना कुठलीतरी पांढरी माती.
"वुआहिरानाच्या आई, गोणीत काय?"
मी गाठ सोडली.
तो वाकून बघत राहिला.
मग म्हणाला, "छान दिसतंय की."
मला हसू आलं. मग इतका राग आला
की गोणी त्याच्याच डोक्यावर दिली.

संध्याकाळी जाळलं. ओलं होतं, धूरच फार.
तो उकिडवा बसून डोळे पुसत राहिला,
मी विचारलं नाही, धुराने की कशाने.
"पुढच्या पेरणीला ओळींमध्ये चवळी टाक," म्हटलं.
"तिचं मूळही तसंच पुटपुटतं.
बी जागं होतं, तोंड उघडतं,
आणि तिथे त्याच्यासाठी काही नसतं."
"किती वर्षं?"
मी पोरीकडे बघितलं.
ती गार राखेत काडीने वासरू काढत होती,
कानामागे तुरा होताच.
"हिची पोरगी फुलं खोवायला लागेपर्यंत."

दोन मुठी चवळी दिली. उसनी, फुकट नाही.
त्याने ती खिशात घातली,
जिथे नीलम असायला हवा होता,
आणि वरून हात दाबून धरला.