गजहंसाचे मागचे पाय

‘नीलांबरीचा आठवा डोळा’ लागला तेव्हा
हेमलता टॉकीजमध्ये आम्ही अकरा जण.
सात आमच्याच गल्लीतले,
दोघं उन्हातून सावलीला आलेले,
एक सरळ झोपायला,
आणि एक शेवटपर्यंत सांगत राहिला
की त्याला शेजारच्या पडद्याचं तिकीट हवं होतं.
हेमलताला शेजारचा पडदा नाही.
शेजारी सायकलचं दुकान आहे.

आम्ही गेलो ते दिगंबर पिंगळ्यासाठी.
सातपूरला मोटर वाइंडिंग करतो तो.
मार्गशीर्षात दिंडोरी रोडच्या बंद गोदामात शूटिंग आलं,
तेव्हा बारा दिवस दुकानाला कुलूप.
काय काम मिळालंय विचारलं की म्हणायचा,
‘बघालच.’

तर एक राजा असतो. त्याची सावली हरवते.
(ती पोस्टात चिकटलेली असते, कायम नोकरीत.)
राणी उलटं बोलते,
खाली अक्षरं उमटतात तीही उलटी.
एक घड्याळ अंडी घालतं,
अंड्यांतून सोमवार बाहेर पडतात.
पहिले तीन सोमवार आम्ही सहन केले.

मग नदी जिना चढू लागते.
इंदूताई गायधनी मोठ्यांदा म्हणाल्या,
‘आमची गंगा दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागते
तीसुद्धा पायरी-पायरीनं.
ही काय लिफ्टनं निघाली?’

खुर्ची म्हणजे सत्ता म्हणावी
तर खुर्चीवर मुळा बसलेला.
मुळा म्हणजे जनता म्हणावी
तर त्याची भाजी होते.
भाजी म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही.
कॅमेरा तिच्याकडे साडेचार मिनिटं बघतो.
आम्हीही बघितलं.
मीठ कमी असावं.

मध्यंतरात डोअरकीपर लतीफभाई आले, खाली बसले.
‘कळतंय का काही?
मी सोळा वेळा बघितला.
राजा दर खेळाला तिथंच हरवतो,
मी बॅटरी दाखवली तरी.’

आणि मग, चंद्र वितळून ताटात पडल्यावर,
धुक्यातून आला गजहंस.
पुढं हत्ती, मागं हंस,
मधे गादीवाल्याकडचा कापूस.
पुढचे पाय मुंबईचे, शिकलेले,
स्वप्नात चालल्यासारखे चालत होते
कारण तसं सांगितलेलं.
मागचे पाय चालत होते
पहिल्या पाळीची बस गाठायची असल्यासारखे.
डावा गुडघा जरा बाहेर.
तो गुडघा आम्ही ओळखतो,
त्र्यंबक नाक्यावर रिक्षानं उडवलेला.

‘दिग्या!’ कुणीतरी ओरडलं.
झोपलेला उठला. त्यानंही शिट्टी मारली.

डोंगर आरशात गेले, राणी पोपट झाली,
पोपटानं तत्त्वज्ञान सांगितलं,
आम्ही मात्र तेवढे दोन पाय धरून बसलो
जत्रेत आईचा पदर धरावा तसे.
आणि शेवटाला
हत्ती कोसळतो, सोंड धुळीत,
पण हंस थांबत नाही;
ढकलत, रेटत,
अख्खा हत्ती राजापर्यंत नेऊन टेकवतो.
राजा रडतो.
इंदूताईही रडल्या, मग म्हणाल्या
एसीचं पाणी गळतंय.

पेपरात छापून आलं: ‘शेवटचं दृश्य गहन,
बाकी सारे अनाकलनीय.’

मिसळीवर दिगंबरला आम्ही विचारलंच.
रस्सा वाढून घेत तो म्हणाला,
‘गहन कसलं? बाहेर नाशकाची थंडी, आत भट्टी.
पुढचा चक्कर येऊन पडला.
कट कुणी म्हणेना.
माझा काय दोष? मला दिसत नव्हतं,
एवढंच ठाऊक होतं की पुढं जायचंय.’
पाव मोडला.
‘बारातले सात दिवसांचे पैसे यायचेत अजून.’

शुक्रवारी पोस्टर उतरलं.
लतीफभाईंनी घडी करून त्याला दिलं.
त्यावर हत्तीचं तोंड आहे मोठं,
मागचा भाग कागदाबाहेर गेलेला.
दिगंबरनं ते दुकानात लावलंय, पाठमोरं.
कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत दर:
पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर.
खाली बारीक एक ओळ,
उधारी बंद.