मुठीएवढा दगड

एकतीस वर्षं वाळूत हात घातला मी,
आधी उद्यमनगरात, मग शिरोलीला.
कासार्ड्याची पांढरी वाळू, बेंटोनाइट, थोडं पाणी.
मुठीत दाबायची, मूठ उघडायची,
बोटांचा ठसा राहिला तर साचा धरेल.
एवढंच शिक्षण.
मग वरून तांबडं लोखंड.
वाळूत जे काही जगत असेल ते जळत असणार;
मी कधी विचारलं नाही.

आता घरात चार फुटी काच उभी आहे,
खाली स्टँड, माझ्याच वेल्डिंगचा, जरा डावीकडे कललेला,
आणि मोमीनच्या दुकानात मी
दोन टबांपुढं अर्धा तास.

एकात कोरडे खडक. हलके, भोकाभोकांचे.
आमच्याकडं भोक म्हणजे रिजेक्ट,
कास्टिंग उचलून परत भट्टीत.
इथं भोकाचेच पैसे.
दुसऱ्या टबात मोटर घरघरते,
पाण्याखाली खडक, जांभळट सालीचे,
एकाच्या फटीतून काहीतरी बाहेर आलं,
मला बघून आत गेलं.

"समुद्रातनं न्हाई आणलं, त्येला बंदी हाय," मोमीन म्हणाला.
"ताराबाई पार्कात दाताचे डॉक्टर हुते, क्यानडाला गेले.
सा वर्साचा चालता टँक मोडला. किलोला बाराशे."
"आणि हे कोरडे?"
"अडीचशे. पर त्यात कोण न्हाई."

कोण न्हाई.
रिकाम्या घराबद्दल बोलावं तसं बोलला.

"आणि ओल्यात कोण कोण हाय?"
"ते मलाबी म्हाईत न्हाई, दादा.
किडा असंल. रात्री मासा कुरतडणारा खेकडा असंल.
एक फूल येतं, काचेसारखं,
कापलं की दोन हुतंय.
जितं घ्यायचं तर समदंच घ्यावं लागतंय."

वीस किलो लागणार होते.
फंडाचे पैसे मनात दोनदा मोजले.

वाळूचं तरी फुकटात भागेल म्हणून
घमेलंभर कासार्डे नेली होती पिशवीतून.
त्यानं चिमटीत धरली, दिव्याखाली नेली, परत पिशवीत टाकली.
"ही चालायची न्हाई. शिंपल्याची पायजे, पवळ्याची.
ती मेलेली हाय.
ही कवाच जिती नव्हती."

रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन बसलो.
एकतीस वर्षं.

एकोणीस किलो कोरडे घेतले,
आणि ओल्यातला एकच, मुठीएवढा,
वर्तमानपत्रात गुंडाळून, ओलसर ठेवून,
दुखरा दात धरावा तसा धरून आणला.
आरओच्या पाण्यात मीठ कालवलं, खडक रचले,
मधोमध तो.
शालन दूध कट्ट्यावरून किटली घेऊन आली,
दारातूनच बघितलं तिनं.
"म्हणजे विरजण," म्हणाली, आणि दूध तापवायला गेली.

पण दही रात्रीत लागतं.
हे आठवडेच्या आठवडे.
परीक्षानळीत हिरवा रंग, मग जास्तच हिरवा,
मग एक गुलाबी, म्हणजे अजून विषच, फक्त दुसरं.
घरात बंदरासारखा वास.
काचेवर तपकिरी थर.
शेजारचे बाबर येऊन पाच मिनिटं शोधत राहिले.
"मासा कुठाय?"
"न्हाई अजून."
"मग हे काय बघालाय?"
"दगूड."
ते गेल्यावर शालन हसली,
पण रात्री उठून टॉर्च तीच मारत होती,
दोनदा पकडली मी.

त्रेचाळिसाव्या दिवशी तिनंच दाखवला,
तिसऱ्या कोरड्या खडकावर
मोहरीएवढा जांभळा ठिपका.
मी म्हणालो डाग असेल.
ती म्हणाली डाग काल हितं नव्हता.

मासा अजूनही आणलेला नाही.
आज पंप बंद करून बाही वर सारली,
कोपरापर्यंत हात घातला आत
आणि सवयीनं वाळू मुठीत दाबली, उघडली.
ठसा राहिला नाही.
कण खाली बसत गेले, सावकाश, सगळे,
त्यातला एक तेवढा
वर निघाला.