आत सोडलेली माया

टिळक रोडवरच्या पोरानं माहितीपत्रक पुढं सरकवलं.
सात रात्री, कॅरिबियन, माणशी सत्तर हजार.
त्यातला समुद्र अगदी मोरचुदाच्या रंगाचा,
तसं अस्तर मला रविवार पेठ पालथी घालून
एकदाच मिळालं होतं, दाभाड्यांच्या धाकटीच्या लग्नात.

मी विचारलं, कापड आटणारं आहे का?
तो नुसता बघत राहिला.
कोरं कापड कुणी सरळ कात्रीखाली घेत नाही, बाळा.
रात्रभर पाण्यात ठेवायचं, सकाळी वाळवायचं,
मग उरेल तेवढंच आपलं.

तर ते सत्तर हजार मी धनकवडीला आणून भिजत घातले.
कापड आटतं.
आकडा साबुदाण्यासारखा फुगला.

मापांच्या वहीचं शेवटचं पान.
सहाशे रुपये शिलाईच्या हिशेबानं
विमान: दोनशे ब्लाउज.
व्हिसा: सत्तावीस. नाही मिळाला तरी सत्तावीसच.
त्यासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे;
माझ्या तर्जनीवर ठसा उरलाय का, सुईलाच ठाऊक.
मायामीला आदल्या रात्री पोचायचं, म्हणजे हॉटेल,
कारण बोट कुणासाठी खोळंबत नाही.
साखर आणि बीपी धरून विमा.
बेटावर उतरणं फुकट,
उतरून काही बघायचं तर पैसे.
आणि रोजची टिप, दीड हजार, मागितली नाही तरी खात्यातून जाते.
सदतीस वर्षं मी दिवसभर टिपाच मारते,
मला कुणी वरचे दहा रुपये सोडले नाहीत.
डॉलर तर ताणलेल्या टेपसारखा,
काल मोजला तो आज नाही.
शिवाय ऐन लग्नसराईत पंधरा दिवस शटर खाली.
हा खर्च माहितीपत्रकात कुठंच नव्हता.

नंतर त्या पोरानंच फोन केला.
मॅडम, एकट्या असाल तर भाडं दोघांचं लागेल.
खोलीत दुसरा पलंग असतोच,
कुणी झोपो न झोपो.

हे मला नवीन नाही.
हे गेले त्याला सहा वर्षं झाली,
त्यांच्या बाजूची चादर मी अजून रोज झटकते.

रेहाना हुक लावत होती, दातात दोरा.
किती झाले, ताई?
सहाशे वीस.
आणि त्यात तो रिकामा पलंग?
एकशे सतरा.
तिनं दोरा तोडला. बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, भरून रिकामा ठेवायचा म्हणजे
बिनगळ्याचं ब्लाउज शिवल्यासारखंच की.
आणि आपल्याच बोलण्याला हसली.

रात्री तिच्या दरानं मी तोच हिशेब मांडला.
हुक, हातशिलाई, ब्लाउजमागे चाळीस रुपये.
नुसतं विमान: तीन हजार ब्लाउज.
तेच विमान, तीच खुर्ची.
हे चाळीस कुणी ठरवले होते?
मीच. आणि चार वर्षांत वाढवले नव्हते.
त्या पानावर मी खूप वेळ हात ठेवून बसले.

बेरीज पेनानं केलेली नाही.
टेबलावर खडूनं लिहिलीय, कच्च्या टाक्यासारखी,
ओल्या फडक्यानं जाईल अशी.
पुसायची की पक्की करायची, ते अजून ठरत नाही.

आज सकाळी तिनं विचारलं,
बोटीवर एक रात्र म्हणे झगे घालून जेवतात?
म्हटलं, हो, आणि भाड्यानं घेतले तर त्याचे वेगळे.
मग म्हटलं, ऊठ, सरळ उभी राहा,
हात थोडे बाजूला.
बावीस वर्षं माझ्यासमोर बसलीय ही,
हिचं माप वहीत नव्हतं.

खांदा चौदा. छाती अडतीस. उंची धरायला वाकले
तर म्हणाली, गुदगुल्या होतात.
कडेला लिहून ठेवलं:
माया, दोन बोटं.