मंगळवार-शुक्रवार, साडेसात ते नऊ

घरी मी टॅलीचा कोर्स सांगितलाय.
सासूबाईंनी मान डोलावली,
नवऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी न करता ‘हं’ म्हटलं.
म्हणजे पहिली भूमिका जिना चढायच्या आतच वठली,
आणि प्रेक्षकांना काही कळलं नाही.

राजारामपुरीत चष्म्याच्या दुकानावर एक हॉल आहे.
सकाळी तिथं भरतनाट्यम्, दुपारी शिवणकाम,
संध्याकाळी आम्ही.
फरशीवर खडूच्या रेघा, दोऱ्यांचे तुकडे,
त्यांवरच आडवं पडून श्वास मोजायचा.
नेजदार सर म्हणतात, आधी श्वास, मग चालणं.
बोलायची घाई सगळ्यांनाच असते.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, अनुभव?
पैंजण घडवणारे हुपरीकर म्हणाले,
गणपतीत दोनदा. चौऱ्याऐंशी साली.
पार्लरवाली ज्योत्स्ना म्हणाली, रोजचाच की ओ सर,
गिऱ्हाइकाला ‘छान दिसताय’ म्हणतोच न्हवं.
बाबासो मगदूम म्हणाले, कायबी न्हाई.
उद्यमनगरात लेथवर. एकोणतीस वर्षं.

मी गप्प राहिले.
पतसंस्थेत वसुलीला असते मी.
माझा आवाज ऐकून माणसं फोनवरच आजारी पडतात,
गावाला जातात,
मेलेल्या आजीला पुन्हा मारतात.
अनुभव त्यांना विचारायला हवा होता.

तिसऱ्या आठवड्यात रिकामा पेला फिरला. पाणी प्या.
हुपरीकर असे घटाघटा प्यायले की आम्ही हसलो.
सर हसले नाहीत.
‘पाणी नका दाखवू. तहान कुठाय?’
त्या रात्री ओट्यापाशी खरंखुरं पाणी पिताना
कितीतरी वेळ मला ठरवता येईना
ही तहान आहे की सवय.

मग तो शुक्रवार.
रोज करता ते काम करा. वस्तू नाही, शब्द नाही.

मगदूम उठले. चपला भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.
हवेत वाकले, चकमध्ये जॉब बसवला,
चावीनं आवळला, डोळा बारीक करून फिरतोय का पाहिलं,
आणि आम्हाला सळई दिसायला लागली.
मग हँडल धरलं.
डाव्या हाताचं त्यांचं एक बोट नाही,
शहाण्णव साली पट्ट्यात गेलं,
हे चहाच्या गाड्यावर कधीतरी कळलं होतं.
चार बोटं मिटली.
मधली ती फट,
तीही मिटली.

पंखा तेवढा फिरत होता.
सर एवढंच म्हणाले, मशीन बंद केलं?
मगदूम जीभ चावून परत गेले,
बटण दाबलं, हवेवर फडकं मारलं,
मगच चपला घातल्या.

माझा नंबर.
मी फोन लावला.
पलीकडे कागलचे तेरदाळे,
झेरॉक्स मशीनचा हप्ता, पाच महिने थकीत.
शब्द नाही असा नियम होता
म्हणून ऐकावं लागलं.
अकरा वर्षांत त्यांचं एक वाक्य मी पुरं होऊ दिलं नव्हतं.
काय म्हणाले ते सांगत नाही,
शेवटी रचत मीच तर होते.
पण फोन ठेवला तो हळू,
झोपलेल्या पोराजवळ वाटी ठेवावी तसा.

‘खांदे उतरले तुमचे,’ सर म्हणाले. ‘कधी, आठवतंय?’
नाही, म्हटलं.
‘बरं झालं. आठवलं असतं तर ढोंग ठरलं असतं.’

ज्योत्स्नानं स्कूटीवरून कोपऱ्यापर्यंत सोडलं.
घरात भाकरीचा वास, टीव्हीवर कुणीतरी रडत होतं.
सासूबाई म्हणाल्या, काय शिकवलं आज?
येणी-देणी, मी म्हटलं. नावे कुठं, जमा कुठं.
त्यांनी ताट वाढलं,
माझ्या पाठीवरून एक लाल दोरा उचलला,
उजेडात धरून पाहिला.

‘टॅलीत शिवणबी असतंय व्हय गं?’

आणि आवाज जराही न बदलता,
‘मंगळवारी लवकर जा.
भाकऱ्या मी बडवीन.’