तिसरी पिशवी

ओला एका डब्यात, सुका दुसऱ्या,
आणि तिसरं, ज्याचं नाव जिन्यात कोणी घेत नाही,
कालच्या पेपरात गुंडाळलेलं,
वर पेनानं गिरवलेला लाल ठिपका.

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस.
पावणेआठला सोजरबाई येतात.
एकाच हातात मोजा, डाव्या.
उजवा दिवाळीत फाटला,
कंत्राटदार म्हणतो, नवं टेंडर होऊ द्या.
मी दार अर्धं उघडायचे,
पुडकं पुढे करायचे,
नजर कुंडीतल्या कढीपत्त्यावर.

जानेवारीत मी कप घेतला.
मंजिरीनं वाशीला हातात ठेवला,
मऊ, जांभळा, बोटभर उंचीचा,
म्हणाली, "दहा वर्षं बघायला नको."
पहिल्या महिन्यात बाथरूमच्या फरशीवर उकिडवी,
घामाघूम,
चाळिसाव्या वर्षी स्वतःचाच पत्ता शोधत होते,
घणसोली गावठाणात नवा कुरियरवाला शोधतो तसा.
मग उकळायला वेगळं पातेलं काढलं.
सासूबाई म्हणाल्या, "अंडी उकडतेस?"
मी हो म्हणाले.
गुरुवार होता.
त्या काही बोलल्या नाहीत,
फक्त चिमणी लावली.

एप्रिल लागला तेव्हा
सोजरबाईंनी डबा उलटा करून ठोकला,
वर-खाली पाहिलं, आणि हळूच,
"ताई, इचारू का?
तीन म्हैने झाले, तुमच्याकडनं ठिपका न्हाई.
काही हाय का पोटात?"

मला हसू आलं,
आणि अर्ध्यात अडकलं.
नवऱ्याला माहीत नसलेली माझी तारीख
या बाईला पाठ होती.
चारशे दोनची मुलगी कधी मोठी झाली,
तीनशे एकच्या मॅडमचं कधी थांबलं,
दोनशे चारच्या नव्या सुनेचा एक महिना चुकला
आणि पुढच्या महिन्यात
पेपर दुप्पट जाड आला,
हे सगळं
त्या एका उघड्या हातातून गेलेलं.

मी कप आणून दाखवला.
पदराला हात पुसले त्यांनी,
तरी लांबूनच पाहिला.
"धुवायचा किती येळा?
आमच्या तुर्भे स्टोअरला नळ पाच ते सहा.
अठरा घरांत एक संडास, त्याला कडी न्हाई.
भाईर बाया रांगेत. हे घिऊन कुठं बसू?"
मग जरा थांबून,
"माझी आई कापडच घ्यायची, जुन्या लुगड्याचं.
कुडावर वाळवायची, वरनं परकर टाकून.
टीव्हीनं सांगितलं, ते घाण.
आता कापड चांगलं म्हणत्यात व्हय?"

आवाजात राग नव्हता.
दर विचारावा तसा प्रश्न.
माझ्याकडे सुट्टे नव्हते.

त्या रात्री मनात गुणाकार केला.
महिन्याला तेरा, वर्षाचे बारा, अशी सत्तावीस वर्षं.
चार हजारांच्या वर.
म्हणजे कुठल्याशा कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात
माझं सगळं तरुणपण शाबूत असणार.
दहावीचा गणिताचा पेपर,
महाबळेश्वरची चुकलेली सहल,
लग्नाआधी गोळ्या घेऊन पुढे ढकललेली
आणि मुहूर्ताच्याच दिवशी आलेली ती तारीख.
काहीच कुजलेलं नाही.
पेपर तेवढे गेले असतील,
त्यांतल्या बातम्यांसकट.

"बरं झालं," सोजरबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या,
"तेवढंच एक घर कमी."
हे मी शाबासकी म्हणून घ्यायचं की नाही
अजून ठरलेलं नाही.
एवढंच, की दार आता पूर्ण उघडते.
कढीपत्त्याला पाणी नंतर घालते.

मे महिन्यात मोजे आले.
जोडी. दोन्ही डावे.
सोजरबाईंनी एक उजव्या हातात चढवून दाखवला,
अंगठा भलतीकडे,
आम्ही दोघी जिन्यात बसून हसलो,
आणि मग त्या वरच्या मजल्यावर गेल्या
जिथे ठिपके अजून येतात.