घरातली आकडेवारी

स्वयंपाकघरातला तराजू ग्रॅम सांगतो,
न्हाणीघरातला काटा किलो,
आणि मधल्या जिन्यात मी,
दोघांचं ऐकणारी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर उंबरठ्यावर आहे.
उंबरठ्यावर, असंच भाषांतर केलं मी घरी येईपर्यंत.
मग ती पाहुणीसारखी वाटली,
अजून दारातूनच परत पाठवता येईल अशी.

तेव्हापासून भात वाटीने नाही, आकड्याने.
पोळी दीड. तूप चमच्याच्या टोकाएवढं.
मुलांना मात्र शिकवत होते :
सगळं खावं, सावकाश खावं,
फरसबी ताटाच्या कडेला हद्दपार करू नये,
खाऊन माजावं, टाकून माजू नये.
आजोळची सगळी वाक्यं स्विंडनच्या टेबलावर,
आणि माझ्या ताटात
काकडीच्या चकत्या, मोजून अकरा.

अद्वय पाच वर्षांचा. त्याने सरळ विचारलं,
'आई, तू आजारी आहेस की तुला शिक्षा झालीय?'

शाल्मलीने काहीच विचारलं नाही.

तिच्या वर्गाला गृहपाठ होता :
घरातलं काहीही सहा आठवडे मोजा, आलेख काढा.
कुणी मांजराच्या डुलक्या मोजल्या,
कुणी बाबांचे उशिरा येण्याचे वार.
पालकसभेच्या संध्याकाळी सगळे भिंतीवर होते.
मिसेस प्रिचर्ड मला तिथवर नेताना
जरा जास्तच गोड बोलल्या.

निळ्या स्केचपेनचे सहा खांब.
माझे.
कपाटाच्या दाराआड मी चिकटवलेल्या कागदावरून
दशांश चिन्हासकट उतरवलेले.
पाचवा किंचित उंच, त्याच्यावर बाण :
'कारण – अद्वयचा वाढदिवस.'
कोपऱ्यात सोनेरी चांदणी, नीटनेटकेपणाबद्दल.

मागे कुणाचे तरी बाबा उभे होते.
मी पर्स पोटाशी धरली,
जणू भिंत त्याने झाकली जाणार होती.
हसूही आलं. खरंच आलं.

मग दिसली खाली पेन्सिलीची रांग,
पुसूनही उरलेली.
बुटके सहा खांब. नाव : मी.
शेवटचा पहिल्याहून नखभर खाली.

डब्यातून परत येणारा अर्धा पराठा आठवला.
मला वाटायचं, सुट्टी पुरत नसेल.

मूल वाढतं, आणि ताटात आपण वाढतो.
एकच क्रियापद आहे आपल्याकडे दोन्हींना.
इतकी वर्षं दोन्ही वेळा तोंडात होतं ते,
आणि कळलं
त्या भिंतीपाशी, कोट अंगात तसाच असताना.

बसमध्ये भाषण तयार केलं. तीनदा पाठ केलं.
तीन थांब्यांवर विसरले.
दाराशी लाल भोपळा होता,
डोळे-दात कोरायला आणलेला, अजून बिनचेहऱ्याचा.
म्हटलं, शाल्मली, चल, याचं वजन करू.
तिने काट्यावर ठेवला, वाकून वाचलं,
'चार किलो दोनशे. जाड आहे का हा?'
'भोपळा आहे,' मी म्हटलं.

आतला गर किसला, गूळ विरघळवला,
कणीक भिजवली अंदाजाने.
अंदाज! बोटांना अजून आठवत होता.
घारगे फुगले, काही फुगले नाहीत,
धुराचा अलार्म एकदा ओरडून गेला.

'हा तुझ्या यादीत बसतो?'
'एक बसतो. चवीने खाल्ला तर.'
'आणि माझ्या?'
'तुला यादी नाही.'
'मग किती खायचे?'
'पोट सांगेल.'
अद्वय लगेच कान लावून बसला स्वतःच्या पोटाला,
जमेना, तर ताईच्या.

ती घारगा हातात धरून बराच वेळ बसली.
मी पाठमोरी, ओट्यावरचं पीठ पुसत राहिले,
पुसून झाल्यावरही.

काटा न्हाणीघरातच आहे. मला लागतो,
उंबरठ्यावरची अजून गेलेली नाही.
कागद तेवढा त्या रात्री काढला.
चिकटपट्टीचे चार कोपरे
निघाले नाहीत.