लिफ्ट बिघडलीय

तिबिलिसीतल्या त्या जुन्या इमारतीत
लिफ्टला नाणं लागतं.
माक्वालाच्या खिशात नाणी असतात,
तरी ती नऊ मजले चढते.

दिवसभर कानाला हेडफोन:
आग कुठे, श्वास चालू आहे का, पत्ता सांगा.
घरी सासऱ्यांची औषधं, लेकीचं गणित,
आणि रात्री तीनला छातीत
कुणीतरी कडी वाजवत राहतं.

पाचव्या मजल्याच्या खिडकीशी
ती पायरीवर टेकते,
एक संत्रं सोलते,
साल अख्खी निघेल इतक्या सावकाश.
कधी तुटते. चालतं.

परवा शेजारच्या ओतिआ आजोबांनी पाहिलं.
"लिफ्ट बिघडलीय?"
"हो," ती म्हणाली,
आणि नेमकी तेव्हाच
लिफ्ट घरघरत वर गेली.
दोघांनीही ऐकली नाही.

आज तिथे एक स्टूल आहे,
एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.
आजोबांचं दार बंद.

माक्वाला बसते. अकरा मिनिटं.
पिशवीत फोन थरथरतो,
थरथरू दे.
मग उरलेले चार मजले.

रात्री तीनला कडी वाजते.
ती उठत नाही,
बोटं नाकाशी नेते.
वास आहे अजून.